घरी मराठी, शाळेत कन्नड: सीमाभागात स्पीच थेरपिस्ट व्हायचं असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातलं तीन वर्षांचं मूल घरात मराठी ऐकतं, शेजारी कन्नड, मोबाइलवर हिंदी आणि बालवाडीत इंग्रजी बडबडगीतं. ते बोलत नाही असं वाटलं की घरचे आधी कानाच्या डॉक्टरांकडे नेतात आणि तिथून स्पीच थेरपिस्टकडे. समोर बसलेल्या थेरपिस्टला यातली एकच भाषा येत असेल, तर दोनपैकी एक चूक होतेच. एक तर धडधाकट मुलावर दोषाचा शिक्का बसतो, नाहीतर खरा दोष ‘दोन भाषांचा घोळ आहे, मोठं झालं की सुटेल’ म्हणून सोडून दिला जातो. दुसरी चूक फार महाग पडते, कारण भाषा शिकण्याची सगळ्यात मोलाची पहिली पाच वर्षं तिच्यात वाया जातात.

या दोन चुका टाळता येणं हेच इथल्या थेरपिस्टचं खरं कौशल्य. दोन भाषा बोलणारे या भागात गल्लोगल्ली आहेत. दोन्ही भाषांतलं बोलणं ऐकून ‘हा भाषेचा फरक, हा दोष’ असं कागदावर कारणासकट मांडणारे मात्र फार कमी. करिअर उभं राहतं ते याच कामावर.

पदवी आणि नोंदणी

लागणारी पदवी बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावी विज्ञान शाखेतून हवी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जोडीला जीवशास्त्र किंवा गणित असलं, ५० टक्क्यांच्या वर गुण असले, की बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो.

बेळगावहून सगळ्यात जवळ धारवाडची जेएसएस वाक्-श्रवण संस्था. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, जिला सगळे ‘आयश’ म्हणतात, केंद्र सरकारची आहे आणि स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. महाराष्ट्रात वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबईचं नायर रुग्णालय आणि पुण्याची भारती विद्यापीठाची संस्था ही ओळखीची नावं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या जागा ‘नीट’च्या गुणांवर भरल्या जातात, त्यामुळे मुंबई डोळ्यांसमोर असेल तर बारावीतच ‘नीट’ द्यायला हवी. नंतर कळून उपयोग नाही, वर्ष जातं.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत वेगळी तरतूद असते. ती या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. रहिवास आणि मातृभाषा यांचे दाखले बारावीची परीक्षा सुरू होण्याआधीच काढून ठेवावेत. निकालानंतर तहसीलदार कचेरीत रांग लागते आणि अर्जाची मुदत तोवर संपते.

कुठं शिकावं? आमचं मत असं की घरात मराठी असलेल्यानं पदवी कर्नाटकात करावी. धारवाडला किंवा म्हैसूरला तीन-चार वर्षं पेशंटसमोर बसलं की कन्नडमधून आजाराचा इतिहास विचारणं, सूचना देणं, आईला धीर देणं अंगवळणी पडतं. मराठी घरची आहेच. तिचं शास्त्रीय अंग पुढं महाराष्ट्रात एमएस्सी करताना किंवा तिथल्या केंद्रावर काही आठवडे निरीक्षण करून भरून काढता येतं. घरात कन्नड असलेल्यानं उलट करावं.

एमएस्सी दोन वर्षांची. तिथं वाटा फुटतात: वाचा-भाषा वेगळी, श्रवण वेगळं. पदवीवर मात्र दोन्ही कामं करता येतात, आणि तालुक्याच्या गावात दोन्हींची गरज असते. म्हणून पदवीनंतर दोन-तीन वर्षं दोन्ही करावं आणि कल कळला की एमएस्सीकडे वळावं.

एक वर्षाचा डीएचएलएस, म्हणजे डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच, हाही आहे. तो चांगला आहे, पण सहाय्यकाच्या कामासाठी. त्यावर स्वतःचं सेंटर काढून निदान करणं बरोबर नाही, आणि कुणी तसा सल्ला दिला तरी ऐकू नये.

पदवी हातात आली की भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, नोंदणी करायची. १९९२ च्या कायद्यानुसार ती सक्तीची आहे आणि नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. हे गुण शेवटच्या वर्षी एकदम गोळा करायला गेलं की कार्यशाळा मिळत नाहीत. दरवर्षी थोडे थोडे जमवत जावेत, प्रमाणपत्रं एका फायलीत ठेवावीत.

कन्नड कोणती, मराठी कोणती

पुस्तकातली म्हैसुरी कन्नड शिकून हुक्केरीच्या आजीसमोर बसलात तर ती उत्तरं देईल, पण मोकळी होणार नाही. ‘बसा’ म्हणायला म्हैसूरकडे ‘कूतकोळ्ळि’, इथं ‘कुंद्री’. ‘या’ म्हणायला ‘बर्री’. प्रत्येक वाक्याला लागणारा ‘री’ सुटला तर बोलणं उर्मट वाटतं. ही उत्तर कर्नाटकी कन्नड शिकायला बाजार, एसटी स्टँड आणि अंगणवाडी या सगळ्यात चांगल्या शाळा. शिवाय लिपी हवीच. अंगणवाडीची नोंदवही, शाळेचा दाखला, आरोग्य खात्याचा फॉर्म सगळं कन्नडमध्ये असतं, आणि कर्नाटक सरकारच्या नोकरीत कन्नड वाचता-लिहिता येणं गृहीत धरलेलं असतं. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार महिन्यांत लिपी हातात बसते. जोडाक्षरं खाली लिहायची पद्धत तेवढी आपल्याला नवी.

मराठीचंही तेच. पुण्यातल्या मुलांसाठी बनवलेली चित्रं आणि वाक्यं इथं जशीच्या तशी चालत नाहीत. मूल ‘कंगवा’ला ‘फणी’ म्हणालं तर उत्तर बरोबर आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मुलाच्या मराठीत कोकणीची छटा असते, निपाणीच्या मुलाची मराठी कोल्हापूरला जवळची. दोघांना एकाच मापानं मोजायचं नाही.

फरक की दोष

हा या धंद्याचा गाभा. मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो: भाषेचा खरा दोष मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो, नुसता फरक एकाच भाषेत दिसतो आणि त्याचं कारण दुसऱ्या भाषेत सापडतं. नियम सोपा आहे. तो लावायला दोन्ही भाषांची घडण माहीत हवी.

आधी उच्चार घ्या. मराठीत ‘प’ आणि ‘फ’, ‘ग’ आणि ‘घ’ यांनी अर्थ बदलतो. बोलीतल्या कन्नडमध्ये हा महाप्राण, म्हणजे ‘फ’, ‘घ’ यांतला ‘ह’चा जोर, बहुतेक गळतो. म्हणून कन्नडचा वापर जास्त असलेलं मूल ‘घर’ला ‘गर’, ‘फळ’ला ‘पळ’ म्हणतं. ‘खुर्ची’ आणि ‘खिडकी’ हे शब्द तर चाचणीतून काढूनच टाकावेत, कारण कन्नडमध्ये ते ‘कुर्चि’ आणि ‘किटकि’ आहेत. मूल ‘कुर्ची’ म्हणालं तेव्हा त्यानं ‘ख’ चुकवला की सरळ कन्नड शब्द सांगितला, हे तुम्हाला कळणारच नाही. त्याऐवजी ‘खडू’, ‘घोडा’, ‘भाकरी’ असे शब्द घ्या आणि तीन-चार शब्दांत तोच नमुना दिसतो का ते पाहा.

मराठीचा ‘च’ दोन तऱ्हेचा: ‘चार’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘ज’ आणि ‘झ’ यांचंही तसंच. कन्नडमध्ये फक्त ‘चार’मधला ‘च’ आहे. कन्नड घरातून आलेलं मूल ‘चाक’ म्हणताना ‘चार’चा ‘च’ लावतं, ते शिकाऊ मराठीचं लक्षण. उलट बाजूनं, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, ‘ओ’ही वेगळे. पीक आणि डाळ या दोन अर्थांच्या ‘बेळे’ शब्दांत फरक आहे तो फक्त पहिल्या ‘ए’च्या लांबीचा. मराठी मूल दोन्ही सारखेच म्हणतं. कन्नड शिक्षिका ‘याला नीट बोलता येत नाही’ अशी चिठ्ठी देते तेव्हा पुष्कळदा गोष्ट एवढीच असते.

पण तेच मूल ‘क’च्या जागी ‘त’ म्हणत असेल, ‘काका’ला ‘ताता’ आणि कन्नड ‘काल’ला, म्हणजे पायाला, ‘ताल’, तर चूक दोन्हीकडे आहे. चार वर्षांच्या पुढं हे दिसलं की थांबू नये, काम सुरू करावं.

व्याकरणात जास्त सावध राहावं लागतं. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’, क्रियापद भाकरीच्या लिंगानुसार चालतं. बेळगावात मोठी माणसंही ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतात. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, तोच साचा इथल्या मराठीत दिसतो. मुलगी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणाली तर लिंगाची चूक म्हणून खूण करू नका. इथं आणि कोल्हापूरकडे बायकाही तसंच बोलतात. मुलाचं वाक्य चूक ठरवण्याआधी त्याची आई ते वाक्य कसं म्हणते, हे विचारून नव्हे तर तिचं बोलणं ऐकून ठरवावं. विचारलं की ती शाळेतली मराठी बोलू लागते.

दोन भाषांची सरमिसळ हा दोष नाही. ‘आई, नीर दे’ म्हणणाऱ्या मुलाला पाणी मागता येतं, मराठी वाक्य रचता येतं आणि एक शब्द जवळच्या भाषेतून उचलता येतो. काळजी तेव्हा करावी जेव्हा दोन वर्षांच्या मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द मिळून पन्नाससुद्धा होत नाहीत, किंवा कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडले जात नाहीत. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्रच मोजायचे. नुसते मराठी मोजले तर निम्मं मूल मोजलं असं होतं.

आणि हे सगळं करण्याआधी कान. श्रवणचाचणीचा कागद पाहिल्याशिवाय भाषेचं निदान लिहायचं नाही, मूल हाकेला ओ देत असलं तरी नाही. कमी ऐकू येणारी पुष्कळ मुलं मोठ्या आवाजाला वळून बघतात आणि ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. तान्ह्या मुलांची ओएई, म्हणजे आतल्या कानाची झटपट चाचणी, आणि गरज पडली तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का याची चाचणी. महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक प्रसूतीगृहातल्या नर्सेसना तोंडपाठ होईपर्यंत सांगत राहावं.

स्वतःचा संच बांधणं

कन्नडसाठी उच्चार-चाचणी आणि भाषिक चाचण्या बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत, मराठीतही काही आहेत. पण बेळगावच्या दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे निकष म्हणून त्यातले आकडे वापरता येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे टेबलावर बसून कन्नड चाचणीचं मराठी भाषांतर करणं. ‘सोपा’ शब्द भाषांतरात अवघड होतो, एक ध्वनी तपासायला निवडलेला शब्द दुसऱ्याच ध्वनीचा होतो, आणि खालचा आकडा निरर्थक ठरतो. म्हणून निरीक्षणाचा स्वतःचा संच बांधावा आणि अहवालात तो ‘वर्णनात्मक’ म्हणूनच लिहावा, त्याला गुणांक देऊ नये.

चित्रांपासून सुरुवात करा. ६० ते ८० फोटो, इथल्याच घरांतल्या आणि बाजारातल्या वस्तूंचे: भाकरी, तांब्या, केरसुणी, म्हैस, बैलगाडी, फणी, चप्पल, कुलूप. रेखाचित्रांपेक्षा फोटो बरे. प्रत्येक फोटोमागं मराठी शब्द, कन्नड शब्द आणि दोन्ही भाषांत सारखा असेल तर तशी खूण. ‘चमचा’ किंवा उत्तर कर्नाटकातली ‘बटाटि’ असे सामाईक शब्द वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, कारण त्यांवरून कोणती भाषा किती येते हे कळत नाही. मग हा संच बोलण्यात काही अडचण नसलेल्या दहा-पंधरा मुलांना दाखवा. जे फोटो त्यांनाच ओळखता येत नाहीत ते काढून टाका. वेगवेगळी उत्तरं आली तर सगळी फोटोमागं लिहा आणि सगळी बरोबर धरा.

दुसरा भाग बोलण्याचा नमुना. प्रत्येक भाषेत वीस ते तीस मिनिटं, निदान पन्नास वाक्यं, आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. एकाच बैठकीत दोन्ही भाषा घेतल्या की मूल तुमच्या सोयीच्या भाषेत सरकतं. मराठीचा नमुना घेताना तुम्ही मराठीच बोलायचं, कन्नडच्या वेळी जमलं तर कन्नड घरातली सहकारी बसवायची. ‘हे काय आहे?’ असे प्रश्न विचारले की एकशब्दी उत्तरं येतात. त्याऐवजी खेळण्यातली चूल मांडा, काहीतरी चुकीचं करा, भाकरी उलटी ठेवा आणि गप्प बसा. मूल आपणहून बोलतं.

रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी लिहून काढा. एका मिनिटाच्या बोलण्याला पाच ते दहा मिनिटं लागतात, आणि दोन दिवस गेले की अस्पष्ट शब्द तुम्हालाही लागत नाहीत. वाक्याची सरासरी लांबी काढलीत तर ती दोन भाषांत एकमेकांशी ताडून पाहू नका. ‘मी जाणार नाही’ हे मराठीत तीन शब्द. तेच इथल्या कन्नडमध्ये ‘ना होगंगिल्ल’, दोन शब्द, कारण भविष्य आणि नकार क्रियापदातच विरघळलेले आहेत. आकडा पाहून कन्नड कच्ची म्हणाल तर चुकाल. प्रत्येक भाषा तिच्याच मागच्या नमुन्याशी ताडायची.

तिसरा भाग प्रश्नावली. मुलाचा दिवस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तासातासानं लिहा: कोण सोबत असतं, कोणत्या भाषेत बोलतं, मूल कोणत्या भाषेत उत्तर देतं. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ या एका प्रश्नाला सीमाभागात सरळ उत्तर येत नाही, त्यात अभिमान आणि भीती दोन्ही मिसळलेले असतात. तासांचा हिशेब विचारला की खरं चित्र येतं. दिवसाचे आठ तास कन्नड बोलणाऱ्या आजोळी जात असतील तर ‘आम्ही मराठीच’ या उत्तरानं तुमची दिशाभूल झाली असती.

दुभाषी लागला तर मोठ्या भावंडाला बसवू नका. ते मुलाचं उत्तर सुधारून सांगतं. अंगणवाडी सेविका किंवा सहकारी घ्या आणि आधी पाच मिनिटं समजावून सांगा: मदत करायची नाही, खुणावायचं नाही, मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं सांगायचं, मोडकं असेल तर मोडकंच. नंतर पुन्हा पाच मिनिटं तिला विचारा, ‘अक्का, याच्या वयाची तुमची इतर मुलं असंच बोलतात का?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा सगळ्या चाचणीपेक्षा उपयोगी असतं.

उपचार कोणत्या भाषेत

‘घरात एकच भाषा बोला’ हा सल्ला या भागात अजून सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे दोष होत नाही आणि एक काढून घेतल्यानं तो जातही नाही. श्रवणदोष असलेल्या किंवा स्वमग्न मुलालाही दोन भाषा येऊ शकतात. आजीशी बोलण्याची भाषा तोडली तर मुलाचा सगळ्यात जास्त बोलणारा माणूसच तुटतो. अडखळत, परक्या इंग्रजीत आई बोलू लागली की मुलाला मिळणारी भाषा आणखी दरिद्री होते.

सुरुवात त्या भाषेत करा जिच्यात मूल सांभाळणारा माणूस सहज बोलतो. उच्चारदोषात दोन्ही भाषांत असलेले ध्वनी आधी घ्या: क, त, र, ळ. एका भाषेत बसलेला ‘क’ बहुधा दुसरीत आपोआप उतरतो, तरी उतरला का हे मुद्दाम तपासायचं. फक्त मराठीतले महाप्राण किंवा ‘चाक’चा ‘च’ त्यानंतर. शब्द आणि वाक्यं मात्र दोन्हीकडे मुद्दाम पेरावी लागतात, ती आपोआप उतरत नाहीत.

तोतरेपणात एक गोष्ट नीट पाहा. कच्च्या भाषेत शब्द शोधताना माणूस थांबतो, ‘म्हंजे… म्हंजे’ करतो, वाक्य बदलतो. हे तोतरेपण नाही. शब्दाचा पहिला तुकडा पुन्हा पुन्हा येणं, आवाज ताणला जाणं, तोंड उघडूनही आवाज न फुटणं हे तोतरेपण. मोजणी दोन्ही भाषांत स्वतंत्र करा.

घरचा अभ्यास आठवड्याला तीन शब्द किंवा एक वाक्यरचना, त्याहून जास्त नको. रोज दोनदा दहा मिनिटं, घरातल्या ठरलेल्या कामाला बांधून: भाकरी थापताना ‘आण, ठेव, दे’, अंघोळीला ‘गरम, गार, पुरे’. वहीत वेगळा तक्ता दिला तर तो चौथ्या दिवशी बंद पडतो. शेतीच्या हंगामात आणि ऊसतोडीच्या दिवसांत पालक येत नाहीत. आल्यावर रागावू नये, त्या महिन्यांसाठी फोनवर पंधरवड्याला एक भेट आधीच ठरवून ठेवावी.

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या मोठ्या माणसांत चित्र वेगळं. बहुधा दोन्ही भाषा सोबत सुधारतात, पण कधी एकच आधी येते, आणि ती मातृभाषाच असेल असं नाही. समजा निपाणीचा तंबाखू व्यापारी आहे: घरात मराठी, सौदा कन्नडमध्ये, हिशेब मराठीत. नातेवाइकांना ‘मातृभाषा कोणती’ एवढंच विचारू नका. पैसे कोणत्या भाषेत मोजत होते, चिडल्यावर कोणती भाषा तोंडात यायची, पेपर कोणता वाचायचे, हे विचारा. या भागात घरची भाषा कन्नड आणि भजनातले अभंग मराठी अशी माणसं खूप आहेत. बोलता न येणारा माणूस पाठ असलेला अभंग म्हणू शकतो. तिथून आवाज आणि लय मिळते. पण त्याला वाचा परत आली असं समजू नये आणि घरच्यांनाही समजू देऊ नये.

काम कुठं मिळतं

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय संस्थेचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं मोठं रुग्णालय, शिवाय खासगी कान-नाक-घसा आणि मज्जाविकार दवाखाने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टचं पद असतं. बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही जागा निघतात. या बऱ्याच कंत्राटी असतात. सही करण्याआधी कराराची मुदत, प्रवासभत्ता आणि शिबिरांचे दिवस लिहून घ्या. शाळांमध्ये समग्र शिक्षा अभियानाचं काम असतं. कर्णबधिर मुलांच्या शाळा, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असलेल्या मुलांचं प्रशिक्षण हे आणखी दोन मार्ग. इम्प्लांटनंतरचं काम महिनोन्‌महिने चालतं, आणि शस्त्रक्रियेला हुबळी, पुणे, मुंबईला गेलेलं कुटुंब थेरपीसाठी गावाजवळ कुणी मिळतं का हेच शोधत असतं.

रुग्णालयात गेलात तर गिळण्याच्या त्रासाचं काम येणारच. त्यात आहाराचा दाटपणा नजरेनं ठरवू नका. आंबील प्रत्येक घरात वेगळी दाट असते. १० मिलीची सिरिंज घ्या, तीच, जिच्यात शून्य ते १० ही खूण ६१.५ मिमी लांब आहे. दट्ट्या काढा, तोंड बोटानं बंद करून १० मिलीपर्यंत भरा, दहा सेकंद सोडा, पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर आयडीडीएसआय या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर पातळी एक, ४ ते ८ उरलं तर दोन, ८ च्या वर उरलं, पण थोडं तरी गळलं, तर तीन. हे पेशंटच्या सुनेला किंवा मुलाला तुमच्यासमोर एकदा करायला लावा, आणि त्यांच्या घरच्या आंबिलीवर करायला लावा. दाट केलेलं पेय थंड झाल्यावर बदलतं, म्हणून ज्या तापमानाला देणार त्याच तापमानाला मोजायचं.

स्वतःचं सेंटर काढायची घाई करू नये. दोन वर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली काढावीत. मग १० बाय १२ फुटांची एक शांत खोली पुरते: बुटकं टेबल, मुलाचे पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, मोठा आरसा, सतरंजी, बंद कपाट. खेळणी उघड्यावर ठेवली की मूल टेबलावर बसत नाही. रस्त्याकडची खोली घेऊ नका. श्रवणचाचणीही करणार असाल तर ध्वनिरोधक कक्ष आणि ऑडिओमीटर लागेल, आणि ऑडिओमीटर दरवर्षी कॅलिब्रेट करून घ्यावा लागेल. हा खर्च झेपत नसेल तर सुरुवातीला चाचणीसाठी दुसऱ्याकडे पाठवा, अर्धवट यंत्र घेऊ नका. नोंदणीबाबत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत आधी विचारा. पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला, तीही वरच्या बाजूला, हा कर्नाटकचा नियम आहे. तो पाळून खाली मराठी आणि इंग्रजी लिहावं. पालक मराठी आहेत म्हणून भाषेच्या राजकारणावर थेरपीच्या खोलीत मत देऊ नये. दोन्ही बाजूंची मुलं त्याच खोलीत येतात.

चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडचे पेशंटही बेळगावला येतात. त्यांची रेशनकार्डं आणि योजना महाराष्ट्राच्या, तुमच्या जिल्ह्याच्या योजना त्यांना लागू पडत नाहीत. कोणत्या कागदासाठी कुठं जायचं याचा एक तक्ता भिंतीवर लावला तर त्यांचे हेलपाटे वाचतात.

अहवाल

अहवाल कुणासाठी आहे ते ठरवून लिहा. डॉक्टरांसाठी इंग्रजीत दोन पानं. शाळेसाठी कन्नडमध्ये एक पान, निदानाची नावं कमी आणि वर्गात काय करायचं ते जास्त: पुढच्या बाकावर बसवा, सूचना दोन तुकड्यांत द्या, उत्तराला दहा सेकंद थांबा. घरासाठी मराठीत अर्धं पान, मोठ्या अक्षरात. तिन्हींत प्रत्येक निरीक्षणापुढं ते मराठीत दिसलं, कन्नडमध्ये की दोन्हीत, हे लिहिलेलं हवं.

कर्नाटकात २०१५ च्या कायद्यामुळे प्रत्येक शाळेत कन्नड शिकावीच लागते, मराठी माध्यमातही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांग मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे आणि पालक त्यासाठी तुमच्याकडे पत्र मागायला येतील. परीक्षेतली सूट आणि भाषा ऐकणं-बोलणं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पत्र देतानाच समजावून सांगा. कर्णबधिर मुलाला ती सूट खूप उपयोगी पडते. नुसत्या उच्चारदोषासाठी ती मागू नये, कारण पुढं त्याच मुलाला गल्लीत आणि नोकरीत कन्नड लागणार आहे.

दर सहा महिन्यांनी दोन्ही भाषांचा नमुना पुन्हा घ्या, त्याच फोटोंवर, त्याच खेळावर, आणि जुन्या लिखाणाशेजारी ठेवून वाचा. एकच भाषा पुढं सरकली असेल तर दुसरीतले तास कमी झालेत का, शाळा बदलली का, आजी गावी गेली का, हे आधी तपासायचं आणि मगच उपचार बदलायचे.